विकराची पुडी फोडण्याआधी: नेपियर जनावराच्या अंगी लागावं म्हणून

माळशिरस तालुक्यातल्या एका गोठ्यावर मागच्या पावसाळ्यात गेलो होतो. आठ संकरित गाई, घरामागं दीड एकर नेपियर, म्हणजे हत्ती गवत. वहिनी नुकत्याच धारा काढून उठल्या होत्या. मला बघताच म्हणाल्या, "साहेब, ती पावडर लागू पडली बरं का. दोन गाई लिटर-लिटरनं वाढल्या."

मी गव्हाणीत हात घातला. कुट्टी, म्हणजे मशीनवर कापलेला चारा, बारीक, पानं भरपूर, कांडी कोवळी. आधीच्या खेपेला याच गव्हाणीत अंगठ्याएवढ्या जाड कांड्यांचे दोन-दोन इंची तुकडे पडलेले होते. गाई पानं वेचून खायच्या आणि कांड्या नाकानं बाजूला सारायच्या. मी विचारलं, "वहिनी, गवत कितव्या दिवसाला कापताय आता?" तर म्हणाल्या, "पावडर देणाऱ्यानंच सांगितलं, पंचेचाळीस दिवसांचं झालं की कापा आणि मशीनच्या पात्यांना धार लावा."

मग दूध वाढवलं कुणी? पावडरीनं, कोवळ्या गवतानं की बारीक कुट्टीनं? वहिनींना सांगता येईना आणि खरं तर मलाही येत नव्हतं, कारण तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात बदलल्या होत्या. हा लेख त्या प्रश्नातून आला आहे. वहिनींची पावडर विकराची होती. विकरं, म्हणजे आपण ज्याला एन्झाइम म्हणतो ती, चारा फोडून पचायला मदत करणारी प्रथिनं, खरी गोष्ट आहे आणि नीट वापरली तर उपयोगी पडते. पण तिची पाळी शेवटी येते. आधीच्या पायऱ्या गाळून थेट पुडी फोडली की पैसे शेणातून जातात.

नेपियर पचायला जड का

नेपियर, गिनी, मारवेल, पॅरा गवत, ज्वारी, मका, बाजरी, ऊस ही सगळी उष्ण हवेतली गवतं. कडक उन्हात झपाट्यानं वाढतात, हा त्यांचा मोठा गुण. पण त्यांच्या पानातल्या शिरांभोवती जाड भिंतीच्या पेशींचं कडं असतं आणि ते लवकर फुटत नाही. कांडी जसजशी जून होते तसतसं तिच्या भिंतीत लिग्निन बसत जातं. लिग्निनला लाकडाचा सिमेंट समजा. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज ही खरी ऊर्जा. गाईच्या पोटातले जंतू ती खाऊ शकतात, पण या सिमेंटमुळं त्यांना तिथवर पोचता येत नाही. गवतवर्गात फेरुलिक आम्लाचे धागे हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांना एकमेकांना शिवून टाकतात, त्यामुळं गाठ आणखी घट्ट होते.

कोठीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, हे काम करणारी मंडळी आधीपासून हजर असतात. फायब्रोबॅक्टर आणि रुमिनोकॉकस जातीचे जिवाणू तुकड्याला चिकटून तंतू फोडतात. बुरश्याही असतात. प्राणवायूशिवाय जगणाऱ्या बुरश्या कोठीपोटात राहतात, हे १९७५ साली कॉलिन ऑर्पिन या इंग्लंडमधल्या संशोधकानं दाखवून दिलं. त्याआधी तिथले ते पोहणारे सूक्ष्म जीव म्हणजे वेगळेच कुणी प्राणी असावेत असा समज होता. या बुरश्या मुळासारखे तंतू जून कांडीत घुसवून ती आतून उकलतात. म्हणून जाड गवतावर जगणाऱ्या जनावराला त्यांचं मोल फार.

ही सगळी मंडळी मिळून जेवढी विकरं तयार करतात, त्यापुढं आपण पुडीतून घातलेलं विकर थोडंसंच असतं. तरीही फरक पडतो, कारण बाहेरून दिलेलं विकर गवताच्या पृष्ठभागावर आधीच थोडं काम करून ठेवतं. भिंत थोडी खरवडली जाते, थोडी साखर सुटते, जिवाणूंना चिकटायला जागा मिळते आणि ते लवकर कामाला लागतात. म्हणजे आपण जंतूंसाठी दार किलकिलं करून ठेवतो, घरातलं काम त्यांनीच करायचं. त्यामुळं जंतूच अर्धपोटी किंवा आजारी असतील तर दार उघडून काही होत नाही.

पहिली पायरी: विळा वेळेवर

सगळ्यात जास्त फरक इथं पडतो आणि त्याला एक रुपया लागत नाही.

नेपियरची लावणीनंतरची पहिली कापणी साधारण ६० ते ७० दिवसांनी आणि पुढच्या कापण्या दर ४० ते ४५ दिवसांनी घ्यायच्या. राहुरी विद्यापीठाचे यशवंत आणि फुले जयवंत असोत, कोइमतूरचा को-४ असो, धारवाडचा डीएचएन-६ असो, बाएफ संस्थेचा बीएनएच-१० असो किंवा थायलंडहून आलेला सुपर नेपियर, नियम एकच. वाणाच्या नावावर लोक तासभर वाद घालतात, पण विळ्याच्या तारखेवर कुणी बोलत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. उत्तम वाणाचं ९० दिवसांचं गवत साध्या वाणाच्या ४५ दिवसांच्या गवतापुढं हरतं.

शेतकरी गवत का थांबवतो हे मला कळतं. दहा फूट उंच फड उभा दिसला की चारा भरपूर आहे असा जिवाला धीर येतो. पण त्या उंचीत पान कमी आणि कांडी जास्त असते. एकदम सगळा फड जून होऊ नये म्हणून त्याचे ४५ भाग पाडा आणि रोज एक भाग कापा. पहिला भाग पुन्हा तयार होईपर्यंत तुम्ही शेवटच्या भागावर पोचता. दीड एकराचे म्हणजे ६० गुंठ्यांचे ४५ भाग केले तर रोजचा वाटा जेमतेम सव्वा-दीड गुंठ्याचा येतो. बांधावर चुन्यानं खुणा करून ठेवा. जमिनीपासून चार बोटं ते वीतभर सोडून कापा, म्हणजे फुटवा चांगला येतो.

कोवळं म्हणजे अगदी २०-२५ दिवसांचंही नको. त्यात पाणी फार असतं, जनावर पातळ शेण टाकतं आणि ऑक्झॅलेट जास्त असतं. ऑक्झॅलेट गवतातला आणि आहारातला कॅल्शियम बांधून ठेवतो. नेपियर आणि उसाचे वाढे, दोन्हींत हा दोष आहे. विकरानं तो जात नाही. त्याला उपाय खनिज मिश्रणाचा आणि आहारात लसूणघास, चवळी असा द्विदल चारा मिसळण्याचा.

दुसरी पायरी: कुट्टी

अर्धा ते एक इंच. पात्यांना धार हवी, म्हणजे कांडी चेचली न जाता कापली जाते. कुट्टी केल्यानं विकराला आणि जंतूंना कापलेल्या तोंडांतून आत शिरायला वाट मिळते. अख्ख्या कांडीवर मेणचट साल असते आणि तिच्यावरून द्रावण निथळून जातं.

पण पीठ करू नका. तुकडे फार बारीक झाले की रवंथ कमी होतो, लाळ कमी सुटते आणि चारा पुरता पचायच्या आत पोटातून पुढं सरकतो.

तिसरी पायरी: जंतूंचं जेवण

इथं थोडं थांबून वाचा, कारण विकर वाया जाण्याचं मुख्य कारण इथंच सापडतं.

तंतू फोडणाऱ्या जंतूंना नत्र (नायट्रोजन) लागतं आणि ते प्रथिनांतून मिळतं. चाऱ्यातली प्रथिनं सुमारे ७ टक्क्यांच्या खाली गेली की जंतूंची वाढ मंदावते, चारा पोटात तुंबून राहतो आणि जनावर कमी खातं. जून नेपियर, भाताचा पेंढा, वाढे, ज्वारीचा कडबा हे सगळे या रेषेच्या आसपास किंवा खाली. अशा चाऱ्यावर विकर फवारलं तर थोडी साखर सुटेल, पण तिचा उपयोग करून घ्यायला जंतूच पुरेसे नसतील. म्हणून आधी नत्राची सोय करा: लसूणघास, चवळी, दशरथ घास, बांधावरची शेवरी किंवा सुबाभूळ. चाऱ्यात तिसरा-चौथा हिस्सा द्विदलाचा असला तरी फरक दिसतो. ते नसेल तर सरकी पेंड. सुबाभूळ मात्र बेतानं. त्यातल्या मिमोसिन या विषारी घटकामुळं एकट्या सुबाभळीवर जनावर ठेवता येत नाही.

दुसरं म्हणजे गंधक. मघाशी ज्या बुरश्या सांगितल्या, त्या गंधक कमी पडलं की झपाट्यानं घटतात. म्हणून खनिज मिश्रण घेताना पिशवीवरच्या यादीत गंधक आहे का ते बघा. नुसतं कॅल्शियम आणि फॉस्फरस पुरत नाही.

तिसरं म्हणजे आंबोण, म्हणजे भरडा-पेंडीचा खुराक. तंतू फोडणारे जिवाणू आम्ल सहन करत नाहीत. कोठीपोटाचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६ च्या खाली उतरला की त्यांचं काम जवळजवळ थांबतं. सकाळी चार किलो आणि संध्याकाळी चार किलो मका भरडा, गोळी पेंड एकदम दिली की दर वेळी सामू घसरतो आणि काही तास गवत तसंच पडून राहतं. तेवढीच आंबोण तीन-चार वेळा विभागून द्या आणि आधी थोडी कुट्टी खाऊ द्या. दुपारी गोठ्यात शांत उभ्या किंवा बसलेल्या गाई मोजा. त्यातल्या निम्म्याहून जास्त रवंथ करत नसतील तर आधी हे दुरुस्त करा, विकराचा विचार नंतर.

पाणी चोवीस तास समोर हवं. त्याबद्दल वेगळं सांगायला नको.

चौथी पायरी: पिशवीवर काय लिहिलंय

चाऱ्यासाठी कामाची विकरं मुख्यतः दोन: सेल्युलोज फोडणारं सेल्युलेज आणि हेमिसेल्युलोज फोडणारं झायलनेज. बाजारातली बहुतेक ट्रायकोडर्मा किंवा अॅस्परजिलस या बुरश्यांपासून बनवलेली असतात. काहींत बीटा-ग्लुकनेज असतं. फेरुलिक आम्लाची शिवण उसवणारं एस्टरेज असेल तर उष्ण गवतांसाठी ते चांगलं, पण ते सगळ्या मिश्रणांत नसतं. पिशवीवर अमायलेज, प्रोटीएज, फायटेज, लायपेज अशी लांबलचक यादी दिसली की माणूस भुलतो. फायटेज कोंबडीला लागतं, कारण ते तिच्याकडं पुरेसं नसतं. गाईच्या कोठीपोटातले जंतू ते स्वतः बनवतात. कोंबडीसाठीचं मिश्रण गाईचं चित्र छापून विकलेलं मी पाहिलं आहे.

अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात बर्म्युडा गवतावर, म्हणजे आपल्या हरळीवर, बरंच काम झालं आहे. त्यात झायलनेज जास्त असलेल्या विकरानं गाईंचं दूध वाढलं, पण तपासलेली सगळी विकरं सारखी वागली नाहीत. मक्यावर चाललेलं विकर हरळीवर चालेलच असं नाही आणि हरळीवर चाललेलं नेपियरवर चालेलच असंही नाही. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा: हे कोणत्या चाऱ्यावर तपासलंय?

दुसरा प्रश्न: एका ग्रॅममध्ये सेल्युलेज किती एकक, झायलनेज किती एकक? तिसरा: ही एककं कोणत्या तापमानाला आणि कोणत्या सामूला मोजली? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक विक्रेते गप्प होतात. बुरशीपासून आलेली विकरं साधारण ५० ते ६० अंश तापमानाला आणि ४ ते ५.५ सामूला जोरात काम करतात, आणि त्यांची मोजणी तिथंच होते. गाईचं कोठीपोट ३९ अंशाचं आणि ६ ते ६.८ सामूचं. तिथं त्याच विकराचा जोर बराच कमी असतो. म्हणून एका कंपनीची १०,००० एककं दुसऱ्या कंपनीच्या ५,००० एककांपेक्षा दुप्पट चांगली असं समजू नका. मोजायची पट्टीच वेगळी असते.

उत्पादनाची तारीख बघा. विकर हे प्रथिन आहे, उष्णतेनं आणि ओलाव्यानं मरतं. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेलं द्रवरूप विकर जूनपर्यंत नावापुरतंच उरतं. घरात थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. पिशवी उघडली की तोंड घट्ट बांधून डब्यात घाला.

पाचवी पायरी: डोस, आणि त्यातली सगळ्यात महागडी चूक

डोस ओल्या चाऱ्यावर आहे की कोरड्या भागावर, हे आधी पक्कं करा.

समजा लेबलवर लिहिलंय, चाऱ्याच्या कोरड्या भागाच्या दर किलोला १ ग्रॅम. हा आकडा फक्त उदाहरणापुरता, तुमचा लेबलवरून घ्या. पाच गाईंना रोज प्रत्येकी २५ किलो हिरवं नेपियर, म्हणजे १२५ किलो. वाचणारा १२५ ग्रॅम तोलून मोकळा होतो. पण नेपियरमध्ये कोरडा भाग १८ टक्के धरला तर १२५ किलोत तो निघतो साडेबावीस किलो. डोस साडेबावीस ग्रॅम. साडेपाच पट जास्त पडलं.

जास्त पडलं तर बिघडलं कुठं, असं वाटेल. बिघडतं. पैसे तर जातातच, शिवाय विकराचा परिणाम डोसाबरोबर सरळ वाढत नाही. एका मर्यादेपर्यंत चढतो आणि पुढं उतरतोही. जादा विकर गवताच्या पृष्ठभागावरच्या जागा अडवतं आणि जंतूंना चिकटायला अडचण होते. बऱ्याच चाचण्यांत मधला डोस सर्वांत चांगला आणि दुप्पट डोस कुचकामी ठरला आहे.

कोरडा भाग घरी काढता येतो. ताजी कुट्टी नीट मिसळून १०० ग्रॅम तोला. घरात मायक्रोवेव्ह असेल तर ताटलीत पसरून, शेजारी पाण्याचा अर्धा पेला ठेवून दोन-दोन मिनिटं फिरवा आणि दर वेळी तोला. वजन सलग दोनदा तेवढंच आलं की थांबा. उरलेले ग्रॅम म्हणजे टक्के. मायक्रोवेव्ह नसेल तर कडक उन्हात पत्र्यावर दोन-तीन दिवस. आकडा थोडा ढोबळ येतो, पण अंदाजापेक्षा कितीतरी बरा. पावसाळ्यात हा आकडा १४-१५ पर्यंत उतरतो आणि उन्हाळ्यात चढतो, म्हणून महिन्यातून एकदा तरी करा. सोन्याचांदीच्या दुकानात असतो तसा लहान काटा आता स्वस्तात मिळतो, तो गोठ्यासाठी एक घेऊन ठेवा. चमच्यानं मोजून भागत नाही.

सहावी पायरी: शिंपडायचं कसं

विकर जितक्या जास्त चाऱ्यावर आणि जितकं सारखं पसरेल तितकं चांगलं. मूठभर पावडर आंबोणीच्या घमेल्यात वरून टाकली तर ती एकाच घासात जाते आणि गवताला भेटतच नाही.

त्या दिवसाची पावडर दोन लिटर साध्या गार पाण्यात विरघळवा. गरम पाणी नको. कुट्टी ताडपत्रीवर किंवा स्वच्छ फरशीवर वीतभर जाडीनं पसरा, निम्मं द्रावण शिंपडा, फावड्यानं उलथापालथ करा, उरलेलं शिंपडा, पुन्हा उलटा. झारी चालते. पंप वापरायचा तर नवा आणि फक्त याच कामाचा. पिकावर औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी जनावराच्या चाऱ्यावर वापरायचा नाही, कधीच नाही.

हिरवी कुट्टी फार ओली असेल तर द्रावण नीट धरत नाही. त्यात चार-पाच किलो कडब्याची कुट्टी मिसळली की ती द्रावण शोषून घेते आणि कोरडा भागही वाढतो. मला ही पद्धत सर्वांत भरवशाची वाटते.

शिंपडल्यावर अर्ध्या ते एक तासानं घाला. विकर गवताला चिकटायला एवढा वेळ पुरतो, आणि एकदा चिकटलेलं विकर कोठीपोटातही जास्त टिकतं, मोकळं असलं तर तिथले जंतू त्याचं प्रथिन म्हणून जेवण करतात. रात्री शिंपडून सकाळी घालायचा मोह टाळा. हिरव्या कुट्टीचा ढीग रात्रभरात तापतो आणि आंबूस वास मारतो.

बरेच घरी सरकी, भरडा, चुनी शिजवून आंबोण करतात. विकर त्यात घालायचंच असेल तर आंबोण पूर्ण गार झाल्यावर. वाफ निघत असताना घातलेलं विकर मेलंच म्हणून समजा.

पावडर हाताळताना नाका-तोंडावर फडकं बांधा. विकराची धूळ श्वासात गेली की काही जणांना दमा, शिंका, डोळ्यांची आग सुरू होते. हे काम घरात बहुतेक बायकांकडं असतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

मुरघासात विकर

माझ्या मते आपल्याकडं विकराला सर्वांत जास्त वाव इथं आहे. मुरघास म्हणजे हवाबंद दाबून आंबवलेला हिरवा चारा. तो आंबला की सामू ४ च्या आसपास येतो आणि बुरशीजन्य विकराला असंच आंबट वातावरण लागतं. शिवाय हाताशी अर्धा-एक तास नाही, दीड महिना असतो. विकर तंतूंतून साखर सोडवतं, ती साखर लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंच्या कामी येते आणि चारा चांगला टिकतो. नेपियरमध्ये मक्यासारखी मुळातली साखर नसते, त्यामुळं ही मदत त्याला जास्त लागते.

अडचण पाण्याची. १८ टक्के कोरड्या भागाचं नेपियर थेट बॅगेत भरलं तर तळाशी काळपट पाणी साचतं, आणि विकर घातलं तर ते आणखी सुटतं, कारण विकर पेशींच्या भिंतीच सैल करतं. त्या पाण्याबरोबर साखर आणि प्रथिनं वाहून जातात, राहतो घाण वासाचा लगदा. म्हणून कापलेलं गवत एक दिवस उन्हात पसरून सुकवा, कोरडा भाग ३० टक्क्यांच्या आसपास आणा. कुट्टी मुठीत अर्धा मिनिट घट्ट दाबा. बोटांतून रस गळाला तर अजून ओलं आहे. मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला आणि तळहात फक्त ओलसर राहिला तर भरा. पावसाळ्यात सुकवता येत नसेल तर कडब्याची कुट्टी मिसळा.

भरताना दर वीतभर थरावर विकराचं द्रावण शिंपडा. शंभर किलो कुट्टीला दोन-तीन किलो मळी (मोलॅसिस) किंवा गुळाचं पाणी दिलं तर जिवाणूंना पहिल्या दोन-तीन दिवसांचं खाणं मिळतं, तोवर विकरानं सुटलेली साखर येते. खच्चून दाबा, हवा राहू देऊ नका, ४५ दिवस उघडू नका. उघडल्यावर सामूच्या कागदी पट्टीवर ४.२ किंवा खाली आणि दह्यासारखा आंबट वास, म्हणजे जमलं. खवट लोण्याचा वास आला तर गवत ओलं भरलं होतं, विकराला दोष देऊ नका.

सुका कडबा आणि भाताचा पेंढा यांच्यासाठी मात्र युरिया प्रक्रिया जुनी, स्वस्त आणि खात्रीची. १०० किलो चाऱ्याला ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात, तीन आठवडे हवाबंद. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागू देऊ नका आणि सहा महिन्यांखालच्या वासरांना हा चारा घालू नका. हिरव्या गवताला ही प्रक्रिया नाही.

लागू पडलं की नाही, हे कसं ओळखायचं

शेणापासून सुरुवात करा. जुनी रव्याची चाळणी गोठ्यासाठी बाजूला काढा. ताज्या पोवट्यातलं तांब्याभर शेण चाळणीत घेऊन नळाखाली धरा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत हळूहळू धुवा. जे उरतं ते गाईला न पचलेलं. मी ते पांढऱ्या ताटलीत पसरतो. जून गवत खाणाऱ्या गाईच्या ताटलीत नखाएवढे चपटे, पिवळट कांडीचे तुकडे दिसतात, चिमटीत धरून वाकवले तर काडीसारखे मोडतात. कधी अख्खे मक्याचे दाणे निघतात. चारा नीट पचत असेल तर उरतो तो मऊ, भुसकट चोथा, आणि तोही कमी. विकर सुरू करण्याआधी एक फोटो काढा, तीन आठवड्यांनी त्याच गाईचा त्याच ताटलीत दुसरा. या दोन फोटोंसारखा साक्षीदार नाही.

मग दूध. इथं वहिनींची चूक टाळायची: एका वेळी एकच गोष्ट बदला. कापणी, कुट्टी, आंबोण हे सगळं आधी महिनाभर स्थिर करा. मग दहा दिवस रोजचं दूध गाईगणिक वहीत लिहा. नंतर तीन आठवडे विकर. त्यातला पहिला दीड आठवडा हिशेबात धरू नका, जंतू जुळवून घेत असतात. मग तीन आठवडे विकर बंद, पण लिहिणं चालू. बंद केल्यावर दूध उतरलं आणि सुरू असताना चढलं होतं, तरच ते विकराचं.

नैसर्गिक उताराचं भान ठेवा. वेताच्या शिखरानंतर दूध महिन्याला साधारण ८ ते १० टक्क्यांनी उतरतंच. त्यामुळं विकर चालू असताना दूध जिथल्या तिथं राहिलं, तर तीही वाढच आहे. उलट नुकत्याच व्यायलेल्या गाईचं दूध आपोआप चढत असतं, त्याचं श्रेय पुडीला देऊ नका. गाई सहा-आठ असतील तर सारख्या वेताच्या आणि सारख्या दिवसांच्या जोड्या लावा, जोडीतल्या एकीला विकर, दुसरीला नाही. तीन आठवड्यांनी अदलाबदल. ही पद्धत सर्वांत खरं सांगते.

आता पैसे. समजा विकराचा खर्च गाईला दिवसाला ८ रुपये आणि दुधाला दर ३२ रुपये. नुसता खर्च निघायला पाव लिटर दूध वाढायला हवं. पण पचन सुधारलं की गाय जास्त खाते. किलोला ३ रुपयांनी दोन किलो हिरवा चारा जादा खाल्ला तर ६ रुपये आणखी. म्हणजे साधारण ४४० मिलीनंतर खरी कमाई सुरू. रोजच्या दुधात पाव-अर्धा लिटरचा चढउतार तसाही होतो, म्हणून दोन दिवसांचं दूध बघून निकाल देऊ नका, दहा-दहा दिवसांची सरासरी काढा. फॅट बघायला विसरू नका. गवताचे तंतू चांगले पचले की अॅसिटिक आम्ल जास्त बनतं आणि त्यातूनच दुधातली बरीच चरबी तयार होते. कधी दूध तेवढंच राहतं आणि ३.३ ची फॅट ३.५ वर जाते, आणि डेअरीच्या पावतीवर फरक तिथं दिसतो.

कुणाला द्यायचं, याचाही हिशेब करा. व्यायल्यापासून पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांतल्या, जास्त दूध देणाऱ्या गाई-म्हशींना सर्वांत जास्त फायदा, कारण त्यांना ऊर्जा कमी पडत असते. भाकड गाय, बैल, चार लिटरवर आलेली उतारवेताची म्हैस यांच्यावर खर्च करू नका. तीन महिन्यांखालच्या वासरांचं कोठीपोटच तयार झालेलं नसतं, त्यांना दूध आणि वासरांचा खुराक द्या.

माळशिरसच्या वहिनींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि पावडर तीन आठवडे बंद ठेवली. आठ गाई, वहीत दोन्ही वेळचं दूध, मुलीच्या अक्षरात. लिटरनं वाढलेल्या त्या दोन गाईंचीही सरासरी उतरली ती जेमतेम पावशेर. म्हणजे लिटरभर वाढीतलं बहुतेक श्रेय विळ्याचं आणि पात्यांच्या धारेचं निघालं. आता त्यांनी हिरव्या कुट्टीवरची पावडर थांबवली आहे, आणि तेच विकर दिवाळीनंतर भरायच्या मुरघासासाठी माजघरातल्या डब्यात जपून ठेवलं आहे.